आवाज भाड्यानं मिळत नाही

१४ एप्रिल जवळ आला की देऊळगाव राजापासून जळगाव जामोदपर्यंत बुलढाणा जिल्ह्यात दोन तोंडं उघडतात. एक तोंड सभ्य माणसाचं. आमच्या मिरवणुकीच्या आवाजानं त्याच्या छातीत धडधडतं. दुसरं तोंड आपल्याच कमिटीवाल्याचं. त्याला औंदा मागल्या सालापेक्षा मोठा डीजे पाह्यजे. गड्याहो, दोघांचाही हिशेब करायचा आहे.

सभ्य माणसा, तुझे कान इतके नाजूक कधीपासून झाले? गावगाड्यात हलगी आमच्याच माणसानं वाजवायची, सनई त्यानंच फुंकायची, तुझ्या पोराची वरात दारी लावायची अन् स्वतः मांडवाबाहेर उरल्यासुरल्या अन्नाची वाट पाहत बसायचं. तो आवाज तुला गोड लागला, कारण तो तुझ्या हुकमाचा होता. आता आम्ही आमच्या बापासाठी वाजवतो तं ते प्रदूषण! कायदा आम्हालाही वाचता येतो. आमचा बाप बॅरिस्टर होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ला भोंगा बंद. सरकारला वर्षातून फार तर १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. हाच नियम देवाच्या मिरवणुकीला, पाटलाच्या लग्नाला, आमदाराच्या वाढदिवसाला लावा. मग आम्हीही १० च्या ठोक्याला बंद करू. पण घड्याळ फक्त बौद्धवाड्याच्या तोंडाशी आल्यावरच चालू होत असेल, तं ते घड्याळ नाही, ती जात आहे.

आता कमिटीवाल्या भाऊ, तू ऐक. वर्गणी कोणाची आहे? सोयाबीन सोंगणाऱ्या बाईची, कापूस वेचणाऱ्या म्हातारीची, मलकापूर टेशनावर गाडी धरून मुंबईला गेलेल्या पोराची. मी गोदीत बोजा उचलतो. माझीही वर्गणी फोनवरून गावाला जाते. हा पैसा जनरेटरच्या डिझेलात जाळायचा? आणि वाड्यातला पेटीवाला, ढोलकीवाला, ज्यानं जन्मभर भीमगीतं गायली, त्यानं गर्दीत उभं राहून डब्ब्याचं तोंड पाहायचं?

गोदीत आम्हाला हे लवकर कळतं. आधी टोळ्याच्या टोळ्या पोती वाहायच्या. १९८९ ला न्हावाशेवाचं बंदर उघडलं, कंटेनर वाढले, क्रेन आली, टोळ्या आटल्या. डीजे ही गाण्यातली क्रेन आहे. एक जण बटन दाबतो, बाकीचे सारे बघे. मशिनशी माझं भांडण नाही. मशिन आल्यावर कामावरून कोण गेलं, एवढाच सवाल आहे. उत्तर : गाणारा गेला.

कोणी म्हणेल, चाली तं पहिल्यापासून उसन्याच आहेत. खरं आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशानं तमाशाचा साचा उचलला अन् त्यात चळवळ भरली. पुढं कव्वालीचा बाज आला, सिनेमाची चाल आली. पण शब्द आपले होते. मोठेपणी अक्षर शिकलेल्या वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून माणसाला त्याचा इतिहास गाऊन सांगितला. डीजे काय सांगतो? छाती हादरते, डोकं तसंच राहतं.

अन् सत्ता कोणाला भिते ते पाहा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी १० माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेनं गळफास घेतला. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये यूएपीएखाली धरलं. खटल्याची वाट पाहत त्यांची वर्षं आत गेली. डब्ब्याला कोणी यूएपीए लावला का? डब्बा जप्त होतो, दंड भरतो, सुटतो. गळा सुटत नाही. कोणता आवाज खरा, हे आपल्याआधी व्यवस्थेनं ओळखलं आहे.

गावची पोरं मला विचारतात, मुंबईत राहतोस, मग क्लबात जातोस का? लोअर परळचे क्लब गिरण्यांच्या आवारात आहेत. १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्याआधी ह्याच गिरणगावात अण्णाभाऊ साठे अन् अमर शेखांचं लाल बावटा कलापथक गायलं. आज तिथं आत शिरायचे पैसे पडतात अन् दारावर वर्दी घालून आपलाच पोरगा उभा असतो. ज्या गाण्याला आपण फक्त वॉचमन म्हणून लागतो, ते आपल्या कामाचं नाही.

मग जायचं कुठं? मी सांगतो. ६ डिसेंबरला शिवाजी पार्काच्या फुटपाथवर जा. तिकीट नाही. चार पावलांवर एक पेटी अन् खुला गळा. नागपूरला दीक्षाभूमीवर जा. तिथं २६ नोव्हेंबर २०१० ला विठ्ठल उमप मंचावरच कोसळले अन् गेले. अमरावतीच्या विपिन तातडचं रॅप ऐका. बीट मशिनचा, पण शब्द आपल्या जखमेचे. चेन्नईत पा. रंजितनं उभं केलेलं ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ ऐका. त्यात वस्तीतली गाना गाणारी पोरं गिटारवाल्यासंगं उभी आहेत.

सगळ्यात आधी आपल्या घरात ऐका. हेमा राईरकर अन् गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या जमवल्या. त्यांत बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत. म्हणजे पुस्तक वाचता न येणाऱ्या बाईनं दळता दळता चळवळ गायली. जातं गेलं, पण ओवी अजून एखाद्या आजीच्या तोंडात आहे. तिच्या तोंडापुढं माईक धरायला कोणत्या कमिटीला लाज वाटते?

म्हणून औंदाच्या मिटिंगात उभे राहा अन् मागा : अर्धी वर्गणी गाणाऱ्यांना. बिदागी आधी, हार नंतर. एक रात्र बिनडब्ब्याची, वाड्यातल्या पोरी-बायांच्या माईकची. कमिटी हसली तं हसू द्या. नाही म्हणाली तं चौकात सतरंजी टाका, ढोलकी काढा अन् सुरू करा. हजारो वर्षं आपलं तोंड बंद ठेवलं होतं. आता ते उघडलं आहे, तं त्यात दुसऱ्याचा भाड्याचा भोंगा कोंबू नका.