न्यूयॉर्कमध्ये विनाअट, दिल्लीत अटींसह : एका कराराचा कायदा होताना

#थ्रेड १/१३
‘कायदा उत्तम आहे, अंमलबजावणी तेवढी कमी पडते.’ अपंगांच्या हक्कांची चर्चा भारतात बहुधा याच वाक्यावर येऊन थांबते. वाक्य समंजस वाटते. पण ते कायद्याला निर्दोष ठरवून सारा दोष कारकुनाच्या माथी मारते. या कायद्याच्या जन्माचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

२/१३
१३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला. ३० मार्च २००७ रोजी तो स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि भारताने त्याच दिवशी सही केली. १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थनही दिले. अनेक देशांनी एखाद्या कलमापुरता आपला अपवाद नोंदवून ठेवला होता. भारताने एकही नोंदवला नाही.

३/१३
करारातील विचार मूलगामी होता. चाकाच्या खुर्चीवरील माणूस कचेरीत पोहोचू शकत नसेल, तर उणीव त्याच्या पायांत नसून कचेरीच्या पायऱ्यांत आहे. वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव. आणि कलम १२ प्रमाणे कायद्यापुढे प्रत्येकाची निर्णयक्षमता समान. कोणाला आधार लागेल, पण त्याचा निर्णय दुसऱ्याने घ्यायचा नाही.

४/१३
मात्र भारतात केवळ सहीने करार कायदा होत नाही. संविधानाचा अनुच्छेद ५१ आंतरराष्ट्रीय करारांविषयी आदर राखण्यास सांगतो. अनुच्छेद २५३ त्यांच्यासाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेला देतो. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. नागरिकाच्या हाती काय पडणार, हे अखेर संसदेच्या शब्दांवर ठरते.

५/१३
जुना कायदा होता १९९५ चा. तोही १९९२ च्या बीजिंग येथील आशिया-पॅसिफिक घोषणेतून आलेला. त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार आणि नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण होते. सार्वजनिक इमारतींत उतार बांधण्याचे कर्तव्यही होते, पण ‘आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत’. हा शब्दप्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो पुढे पुन्हा भेटतो.

६/१३
अनुसमर्थनानंतर नव्या कायद्याला नऊ वर्षे लागली. २०१० मध्ये सुधा कौल यांच्या अध्यक्षतेखाली समिती, २०११ मध्ये तिचा मसुदा, फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यसभेत विधेयक, डिसेंबर २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांची मंजुरी. १९ एप्रिल २०१७ रोजी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू झाला. कराराची अंमलबजावणी हाच आपला हेतू असल्याचे तो आरंभीच सांगतो.

७/१३
या कायद्याने दिलेले नाकारण्याचे कारण नाही. ७ चे २१ प्रकार झाले, ३ चे ४ टक्के झाले, वाजवी सोय नाकारणे भेदभाव ठरले. याच बळावर २०२१ साली, लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या स्पर्धापरीक्षार्थीला लेखनिक घेण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. जिथे शब्द निःसंदिग्ध होते, तिथे हक्क मिळाला.

८/१३
आता उलट बाजू. कलम ३(३) म्हणते : अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, मात्र ते कृत्य ‘वैध उद्दिष्ट’ साधण्याचे प्रमाणशीर साधन असल्याचे दाखवले, तर गोष्ट वेगळी. उद्दिष्ट कोणते, हे कायदा सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये न नोंदवलेला अपवाद दिल्लीत असा नोंदवला गेला.

९/१३
कलम १४ चा प्रकार तसाच. कराराने आधार देण्यास सांगितले होते. कायद्याने ‘मर्यादित पालक’ दिला. तो संबंधित व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घेईल, असे शब्द आहेत खरे. पण पालकत्वाची मूळ चौकट शाबूतच राहिली. प्रौढ माणसाच्या निर्णयावर दुसऱ्याचा हात कायम राहिला, केवळ त्या हाताला सौम्य नाव मिळाले.

१०/१३
‘गरीब देशाला हे परवडेल का?’ असा प्रश्न हमखास येतो. करारानेही आर्थिक-सामाजिक हक्क टप्प्याटप्प्याने देण्यास मुभा दिली आहे. पण उपलब्ध साधनांचा ‘कमाल’ वापर करण्याच्या अटीवर. अधिनियमाची कलमे २४ व २७ मात्र सामाजिक सुरक्षा आणि पुनर्वसन देतात ते १९९५ च्याच ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. करार सरकारला हात सैल सोडण्यास सांगतो. कायदा त्याला हात आखडण्याची सबब देतो.

११/१३
कलम ४५ नुसार नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सर्व विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम व्हायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत जून २०२२ मध्ये संपली, काम अपुरेच राहिले. कारण नियम १५ मधील मानके केवळ मार्गदर्शक स्वरूपाची होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियमांसाठी तीन महिने दिले. हा कारकुनाचा आळस नव्हता. ही मसुद्यातली निवड होती.

१२/१३
करारासोबत एक ऐच्छिक शिष्टाचारपत्र आहे. त्यात सामील झालेल्या देशाच्या नागरिकाला, देशातील न्यायाचे मार्ग संपल्यावर, संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे दाद मागता येते. भारताने त्यावर सही केलेली नाही. वचन जगासमक्ष दिले. वचनभंगाची तक्रार मात्र घरातच राहावी, अशी ही व्यवस्था आहे.

१३/१३
२०११ च्या जनगणनेने देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती मोजल्या. त्यांना नवे नाव मिळाले, नवा कायदाही मिळाला. आता कलम ३(३) मधील अपवाद वगळावा, पालकाच्या जागी खरा आधार यावा, ‘क्षमतेच्या मर्यादे’ऐवजी ‘कमाल साधने’ हे शब्द यावेत, सुगमतेची मानके बंधनकारक व्हावीत आणि शिष्टाचारपत्रावर सही व्हावी. त्यानंतरही काम अडले, तर अंमलबजावणीला दोष देणे रास्त ठरेल. तोवर दोष कायद्याच्या अक्षरांतच आहे, आणि ती अक्षरे संसदेने लिहिलेली आहेत.
(समाप्त)