दोन वर्षांचे बिऱ्हाड

पुण्यामुंबईहून टोकियोला गेलेल्या मराठी माणसाला "किती दिवस राहणार?" असे विचारले, तर उत्तर बहुधा एकच येते : "दोन वर्षं. फार तर तीन." पाच वर्षे झालेला माणूसही हेच सांगतो आणि अकरा वर्षे झालेलाही. त्यात फसवण्याचा हेतू नसतो. कंपनीने पाठवले तेव्हा करार दोन वर्षांचा होता, आईवडिलांना विमानतळावर तेच सांगितले होते. पुढे करार वाढला, व्हिसाचे नूतनीकरण झाले, मुलगी बालवाडीतून चौथीत गेली. उत्तर मात्र तेच राहिले. परदेशातल्या महानगरात नव्याने राहायला गेलेल्या कुटुंबाचे जेवढे नुकसान हे एक उत्तर करते, तेवढे परकी भाषा, थंडी आणि कच्चा मासा मिळूनही करत नाहीत, असे माझे मत आहे. त्याची किंमतही उत्तर देणारा स्वतः फारशी मोजत नाही. ती त्याच्या घरातली माणसे मोजतात.

टोकियोचेच उदाहरण घेण्याला कारण आहे. या शहरात आपल्या माणसाला बस्तान बसवणे अवघड आहे आणि त्याच वेळी फसवे सोपेही झाले आहे. टोकियोच्या २३ वॉर्डांपैकी पूर्वेकडच्या एदोगावा वॉर्डात निशिकासाई नावाचे स्टेशन आहे. (वॉर्ड म्हणजे आपल्याकडचा प्रभाग नव्हे, प्रत्येक वॉर्डाला स्वतःचा निवडून आलेला महापौर असतो.) १९९९-२००० च्या सुमारास संगणकांतल्या 'वाय-टू-के'च्या दुरुस्तीसाठी भारतीय इंजिनीयर मोठ्या संख्येने टोकियोला आले. ओतेमाची, कायाबाचो या भागांतल्या बँकांत आणि रोख्यांच्या पेढ्यांत त्यांना काम होते आणि तोझाई या भुयारी रेल्वेने निशिकासाई तिथून जेमतेम पंधरावीस मिनिटांवर. जगमोहन चंद्रानी नावाचे चहाचे व्यापारी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे राहत होते. घर शोधणाऱ्या, शाकाहारी जेवणाविना हवालदिल झालेल्या या पोरांना त्यांनी हात दिला. हळूहळू हिंग-तूरडाळीची दुकाने आली. २००४ मध्ये शेजारच्या कोतो वॉर्डात आणि २००६ मध्ये निशिकासाईत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा निघाल्या. आज एकट्या एदोगावात पाच हजारांच्या वर भारतीय राहतात. टोकियोत मराठी मंडळ आहे, गणपती बसतो, दिवाळीला फराळ मिळतो.

एवढी सोय असल्यावर नव्या माणसाला जपानशी संबंध ठेवण्याची गरज उरते कुठे? मेख इथेच आहे.

पहिला धक्का बसतो तो घर शोधताना. खाजगी मालकाकडे घर घ्यायचे तर अनामत लागते, हमीदार लागतो आणि बऱ्याचदा 'रेइकिन' द्यावे लागते. म्हणजे घर दिल्याबद्दल मालकाला कृतज्ञता म्हणून द्यायचे, परत न मिळणारे पैसे. आपल्याला पागडीची आठवण व्हावी असा प्रकार. त्यातून 'परदेशी नको' म्हणणारे मालक आहेतच. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी केवळ परदेशी म्हणून नकार मिळाल्याचे सांगितले होते. ही गोष्ट संतापजनक आहे यात वाद नाही. मात्र संतापणाऱ्या गृहस्थाने पुण्यातला आपला फ्लॅट भाड्याने देताना दलालाला कोणत्या अटी घातल्या होत्या, कोणती आडनावे नकोत म्हणून सांगितले होते, हेही एकदा आठवून पाहावे. असो. निशिकासाईत आपली वस्ती वाढली याचे एक कारण असे, की 'यूआर' या निमसरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत रेइकिनही लागत नाही आणि हमीदारही. उत्पन्नाचा दाखला दिला की घर मिळते.

घर मिळाले, की १४ दिवसांच्या आत वॉर्डाच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा. विमानतळावर मिळालेल्या निवासपत्राच्या मागे तो छापून मिळतो. त्या कचेरीत सहसा कचऱ्याचा तक्ताही हातात पडतो आणि माझ्या मते खरी शाळा तिथून सुरू होते. जळणारा कचरा आठवड्यातून दोन दिवस, न जळणारा महिन्यातून दोनदा, बाटल्या, डबे, रद्दी यांचा वार वेगळा. पिशवी सकाळी आठच्या आत ठरलेल्या जागी ठेवायची, आदल्या रात्री नाही. कावळ्यांनी फाडू नये म्हणून वर जाळी ओढायची. जुनी खुर्ची टाकायची तर आधी फोन करून वार ठरवायचा, दुकानातून शुल्काचे तिकीट आणून तिला चिकटवायचे. चुकीच्या दिवशी चुकीची पिशवी ठेवली तर गाडीवाले ती उचलत नाहीत. चिठ्ठी लावून तिथेच ठेवून जातात. दिवसभर ती पिशवी साऱ्या गल्लीला दिसते.

आपली मंडळी या प्रकाराची थट्टा करतात, क्वचित त्याचा अपमानही वाटून घेतात. वास्तविक त्या जाळीपाशीच शेजार भेटतो. अनेक गल्ल्यांत ती जागा झाडण्याची पाळी घराघरांत फिरते. 'चोनाइकाइ' म्हणजे गल्लीचे मंडळ. वर्गणी थोडकी, पण उन्हाळ्यातला नाच आणि भूकंपाच्या कवायतीसारखी कामे त्याच्याकडे असतात. गणेशोत्सव मंडळात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. तरीही वर्गणी मागायला आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाला दारातूनच हसून, मान लववून वाटेला लावले जाते. का? तर दोन वर्षांसाठी कुठे त्यात पडायचे!

आता घरातल्या माणसांकडे वळू. पती सकाळी तोझाईच्या डब्यात शिरतो. २०१८ च्या सरकारी पाहणीत या मार्गावरची गर्दी सकाळी क्षमतेच्या १९९ टक्के होती. दादरला चढलेल्याला ती मानवते. कचेरीत त्याचे काम इंग्रजीत चालते, अडले तर कोणी सहकारी असतो. पत्नीचे काय? ती बहुधा 'कुटुंबीय' या व्हिसावर येते. पुण्यात ती कोणी शिक्षिका होती, कोणी चाचणी विभागात, कोणी सनदी लेखापालाच्या हाताखाली. इथे वेगळी परवानगी काढली तर आठवड्याला २८ तास काम करता येते, पण भाषा आल्याशिवाय तिला काम देणार कोण? आणि बाहेरच्या जगाशी दिवसभर गाठ तिचीच पडते. पोस्टाने आलेले पाकीट तिच्या हातात पडते. लसीकरणाची तारीख, दाखल्याचा अर्ज, वरच्या मजल्यावरच्या बाईंची 'मूल फार धावतं' ही तक्रार, मुलाला ताप आला की दवाखान्याचा फॉर्म, सगळे तिच्याच वाट्याला. जिला भाषा सर्वांत जास्त लागते, तिच्या शिक्षणावर कंपनी बहुधा एक येनही खर्च करत नाही.

बरे, ती आपणहून शिकायला निघाली, तर जुन्या बिऱ्हाडातल्या कोणी अनुभवी काकू सांगतात, "वहिनी, कशाला त्या चित्रांच्या नादी लागता? दोन वर्षांत तर परत जायचं." हा सल्ला प्रेमाचा असतो आणि तो घातक आहे. जपानमध्ये नित्य वापरासाठी ठरवून दिलेल्या कांजी अक्षरांची संख्या २१३६ आहे हे खरे, पण ती सगळी कोणी मागत नाही. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या महिन्या-दोन महिन्यांत येतात. वाक्यरचना तर आपल्या बाजूची : कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, आणि नामाच्या मागे शब्दयोगी अव्यये. मराठी माणसाला ती इंग्रजीपेक्षा जवळची वाटावी. वॉर्डावॉर्डांत स्वयंसेवक अल्प शुल्कात वर्ग चालवतात. पुण्यात तर जपानी शिकण्याची सोय कित्येक दशकांपासून आहे. निघण्यापूर्वीचे तीन महिने बॅगांचे वजन मोजण्यात घालवणारे आपण त्यातला एक महिना तिकडे का वळवू नये?

मुलांच्या शाळेचा निर्णयही याच उत्तरावर अडतो. वॉर्डाची सरकारी शाळा परदेशी मुलालाही मोफत घेते. भारतीय शाळेची फी घरभाड्याच्या पंक्तीला बसते. परत जायचे हे नक्की असेल तर भारतीय शाळा योग्यच, त्यात गैर काही नाही. पण सात-आठ वर्षे त्या शहरात काढूनही जे मूल खालच्या मैदानात खेळणाऱ्या मुलांशी दोन वाक्ये बोलू शकत नाही, त्याला आपण नेमके कुठले घडवत आहोत? बारावीनंतर तो घोळ उघडा पडतो, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

हे सारे सोयी-गैरसोयीचे झाले. याहून गंभीर बाब वेगळी आहे. एदोगावा वॉर्डाचा सुमारे ७० टक्के भाग भरतीच्या पातळीखाली आहे. मे २०१९ मध्ये वॉर्डाने पुराच्या धोक्याचा नकाशा काढला. त्यावर आपल्याच वॉर्डाच्या चित्रापाशी 'इथे थांबता कामा नये' अशा अर्थाचे वाक्य छापले होते. मोठा पूर आला तर वॉर्डाबाहेर निघून जा, असे एक नगरपालिका नागरिकांना इतक्या रोखठोक सांगते म्हणून त्याची जपानभर चर्चा झाली. पाच महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०१९ ला, हागिबिस हे प्रचंड वादळ आले. वॉर्डाच्या मोठ्या भागाला घरे सोडण्याचा सल्ला दिला गेला आणि हजारो लोकांनी शाळांत रात्र काढली. एदोगावा त्या रात्री वाचला. मात्र तो नकाशा ज्या घरात जाहिरातींच्या कागदांबरोबर रद्दीत गेला असेल, त्या घराला आपली शाळा कोणती हे कोण सांगणार होते?

जपानी गावांत आणि वॉर्डांत खांबांवर कर्णे असतात. बऱ्याच ठिकाणी रोज संध्याकाळी त्यांतून एका गाण्याची धून वाजते. नव्याने आलेल्याला ती जवळच्या शाळेची घंटा वाटते. प्रत्यक्षात ती आपत्तीच्या वेळी सूचना देणाऱ्या यंत्रणेची रोजची चाचणी असते, आणि त्या सूचना मुख्यतः जपानीत असतात. ११ मार्च २०११ च्या भूकंपात टोकियोतल्या गाड्या थांबल्या, लाखो माणसे रात्रभर चालत घरी गेली आणि पुढच्या आठवड्यात फुकुशिमाच्या बातम्यांनी कित्येक परदेशी माणसे देश सोडून गेली. त्यांना चिडवायला 'फ्लायजिन' असा शब्दही निघाला. लहान मुले असलेल्यांना मी दोष देणार नाही. पण जे राहिले त्यांच्यापाशी धैर्य जास्त होते असे नव्हे. स्थानिक बातम्या त्यांना कळत होत्या आणि विचारायला शेजारी होता, हाच बराचसा फरक होता.

जपान परक्याला आपला म्हणत नाही, हा यावरचा ठरलेला आक्षेप. त्यात तथ्य आहे. घरमालकांची टक्केवारी वर दिलीच आहे. पण अंबरनाथला वाढलेले आणि पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१२ मध्ये जपानचे नागरिक झाले आणि एप्रिल २०१९ मध्ये याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर सहा हजारांहून अधिक मते घेऊन निवडून आले. तिथली भारतीयांची वस्ती मतांच्या हिशेबात नगण्यच, कारण मताचा अधिकार नागरिकांनाच. ही मते जपान्यांची होती. प्रत्येकाने नागरिक व्हावे किंवा निवडणूक लढवावी असे मी म्हणत नाही. परत यायचे त्याने खुशाल परत यावे.

माझी तक्रार आहे ती माणसे पाठवणाऱ्यांशी. पुण्या-मुंबईतल्या ज्या कंपन्या दरवर्षी माणसे टोकियोला रवाना करतात, त्या तिकीट, विमा आणि पहिल्या महिन्याचे हॉटेल यांची तरतूद चोख करतात. त्याच कागदावर आणखी दोन ओळी वाढवाव्यात : जाणाऱ्याच्या जोडीदारासाठी निघण्यापूर्वी साठ तासांचे जपानी, आणि पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात वॉर्डाच्या कचेरीत एक दिवस, दुभाष्यासह. हॉटेलच्या चार रात्रींच्या भाड्यात हे बसावे.