एकट्याचें आजारपण

घरीं आजारी पडण्यांत एक सुख असतें, तें घरांत असेपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कोणी पेज आणून देतें, कोणी कपाळावर पाण्याची घडी ठेवतें. आणि रोगी दुसऱ्याच दिवशीं उठून कामास निघाला, तर त्यास दारांत अडविणारें वडील माणूस असतेंच. परमुलखांत एकट्यास पेज एक वेळ मिळेल, पण अडविणारें माणूस मिळत नाहीं. आमच्या मतें खरी उणीव हीच.

हल्लीं आपल्या घरांतील तरुण मंडळी सायकलीवरून हिंडण्यासाठीं म्हणून परदेशीं जातात. छंद अगदींच नवा नव्हे; आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे पारशी तरुण १९२३ सालीं मुंबईहून सायकलीवर निघाले, ते पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ सालीं परतले. परंतु ते बरोबरीनें निघाले होते. आतांचा प्रवासी विमानानें एकटाच पुढें जातो, व सोबती त्यास सायकलीपाशीं भेटावयाचे असतात. निघण्यापूर्वींचीं जागरणें व विमानांतला शेंकडों माणसांचा शेजार यांचें फळ पदरांत पडतें तें नेमकें त्या मधल्या दोन-तीन दिवसांत.

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू २०२४ सालीं गणपति बसण्याच्या आठ दिवस आधीं असाच निघाला. (वहिनींचा त्याबद्दल त्याच्यावर रोष होताच.) बेत असा कीं, म्युनिक येथें उतरून थोडा विसांवा घ्यावयाचा, आगगाडीनें पासाउ गांठावयाचें, आणि तेथून दोन मित्रांसह डान्यूब नदीच्या कांठाकांठानें व्हिएन्नापर्यंत तीनशेंहून अधिक किलोमीटर सायकल चालवावयाची. पासाउ येथें डान्यूबला इन व इल्त्स या दोन नद्या मिळतात. आपल्याकडे असतें तर त्या गांवाचें प्रयाग झालें असतें. पण म्युनिकमध्येंच शनिवारीं रात्रीं त्यास १०२ अंश ताप भरला. त्या देशांत रविवारीं औषधांचीं दुकानें बंद असतात. पाळीनें एखादें उघडें असतें, व त्याचा पत्ता बंद दुकानाच्या दारावर लावलेला असतो. साधी पॅरासिटामॉलची गोळी सुद्धां वाणसामानाच्या दुकानांत विकत नाहींत. आईनें गोळ्या बांधून दिल्या होत्या म्हणून निभावलें.

सबंध रविवार त्यानें घरीं कांहींच कळविलें नाहीं. येथून कोणी उठून थोडेंच येणार, मग काळजी कशाला लावा, हा त्याचा युक्तिवाद. त्यामागें माया असते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण विचार चुकीचा आहे. त्याच आठवड्यांत आमच्या आळींत डेंग्यूचे दोन रोगी निघाले होते. त्याच्या आईस हें ठाऊक होतें, त्यास नव्हतें. डास चावल्यापासून चार ते दहा दिवसांनीं डेंग्यू प्रकट होतो, म्हणजे पुण्याच्या डासाचा ताप म्युनिकमध्यें भरूं शकतो. आपण होऊन सांगितल्यावांचून तेथील डॉक्टरास ही शंका यावी कशी? रात्रीं घरीं बोलणें झालें, तेव्हां कोठें त्यानें ११६११७ हा तेथील डॉक्टर मिळण्याचा क्रमांक फिरविला, व आपण कोठून आलों तें प्रथम सांगितलें. (जिवावरचें संकट असेल तर सर्व युरोपीय संघांत ११२.) रक्ताचा निकाल लागेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊं नये, अशी ताकीद त्यास मिळाली, डेंग्यू असल्यास त्या औषधांनीं रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू निघाला नाहीं. साधा इन्फ्लुएंझा होता.

चवथ्या दिवशीं ताप उतरला, आणि खरा वाद तेव्हां सुरू झाला. सायकलीचें भाडें दिलेलें, मुक्कामाच्या खोल्यांच्या तारखा एकदां पुढें ढकललेल्या, मित्र पासाउला खोळंबलेले. "आतां ताप नाहीं, उद्यां निघतों," असा त्याचा निरोप आला. वहिनी म्हणाल्या, "ताप गेला रे, पण ताकद आली का?" त्यांनीं वैद्यक वाचलेलें नाहीं, परंतु चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील ज्वराचा अध्याय हेंच सांगतो. ज्वर सुटलेल्या मनुष्यानें पुरतें बळ येईपर्यंत व्यायाम, स्नान व फार हिंडणें-फिरणें वर्ज्य करावें, असा तेथें स्पष्ट निषेध आहे. स्नानाचा आग्रह आजचे डॉक्टर धरणार नाहींत. व्यायामाविषयीं मात्र ते तितकेच कडक आहेत. कांहीं विषाणु, त्यांत इन्फ्लुएंझाचाही, हृदयाच्या स्नायूस सूज आणूं शकतात, आणि तशा स्थितींत जोराचे श्रम झाले तर हृदयाची लय बिघडून प्राणावर बेततें. असें क्वचितच होतें, हें खरें. पण नदीकांठच्या वाटेवर तसें झालें तर दोन मित्र काय करणार?

आम्हीं त्यास एवढेंच सुचविलें कीं, निघण्याचा दिवस तारखेनें न ठरवितां नाडीनें ठरवावा. सकाळीं अंथरुणांतून उठण्यापूर्वीं मनगटाची नाडी पुरा एक मिनिट मोजावी. त्याची नेहमींची ६४. ताप उतरल्या दिवशीं ८८ भरली. मित्रांस त्यानें पुढें जावयास सांगितलें. तें सांगणें त्यास फार जड गेलें. तिघांचा तो दोन वर्षांपासूनचा बेत होता. पुढचे चार दिवस त्यानें खोलींत व जवळच्या बागेंत बसून काढले, आणि रोज आकडा घरीं कळविला. वहिनी तो दिनदर्शिकेवर गणपतीच्या सामानाच्या यादीशेजारीं लिहून ठेवीत: ८४, ७६, ७०, ६६.

डान्यूबच्या वाटेवर लिंत्स, मेल्क, क्रेम्स या गांवीं आगगाडी जाते, त्यामुळें मधूनही सामील होतां येतें. पांचव्या दिवशीं तो गाडीनें मेल्क येथें गेला. टेंकडीवर बेनेडिक्ट पंथाच्या साधूंचा मोठा मठ आहे. त्याच्या पायथ्याशीं मित्र उभे होते. पहिल्या सायकलीचें भाडें बुडालें, तेथें दुसरी घेतली. मेल्कपासून क्रेम्सपर्यंत वाखाउचें खोरें, दोन्ही तीरांस द्राक्षांचे मळे, अंतर पस्तीस-छत्तीस किलोमीटर. तेवढेंच त्यानें त्या दिवशीं काटलें, तेंही दोनदां थांबून. संध्याकाळीं क्रेम्सहून त्याचा फोन आला, तेव्हां येथें गौरींची तयारी चालली होती. वहिनींनीं हात पुसून पहिला प्रश्न नाडीचा केला, व मग काय जेवलास तें विचारलें.