शिधावाटपाचे धान्य आणि हृदयाचे आरोग्य

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून त्याचे मोलही द्यावे लागत नाही. पोटाची चिंता ज्या घरांत रोजची होती, तेथे या व्यवस्थेने केलेले काम मोठे आहे. परंतु पोट भरणे आणि शरीर निरोगी राहणे या दोन भिन्न गोष्टी होत. शिधापत्रिकेवर मुख्यतः गहू व तांदूळ मिळतो. डाळ मिळण्याचा हक्क या कायद्यात नाही.

हिशेब करून पाहावा. ५ किलो धान्य म्हणजे दररोज सुमारे १६५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० किलोकॅलरींच्या आहारासाठी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम कडधान्य व ४०० ग्रॅम भाजीपाला सुचविला आहे. म्हणजे धान्याचा बराच भाग दुकानातून येतो. डाळ व भाजी यांची तरतूद मात्र घरानेच करावयाची. पाच माणसांच्या घरास या प्रमाणाने वर्षाला सुमारे दीड क्विंटल डाळ लागेल. तूर पिकविणारा शेतकरीही सारी रास बाजारात घालतो आणि पुढे चढ्या भावाने किलो-किलो डाळ आणतो, हे अनेक गावांत दिसते.

डाळ नसली की भाताबरोबर काय खाल्ले जाते, हा खरा प्रश्न आहे. लोणचे, पापड, ठेचा, तेलाची तर्री! त्यातून मीठ व तेल पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसास ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. अधिक मिठाने रक्तदाब वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब हृदयविकार व पक्षाघात यांस निमंत्रण देतो. पॉलिश केलेल्या तांदळात कोंडा नसल्याने तंतू थोडे. डाळभाजीवाचून केवळ असाच भात खाल्ल्यास रक्तातील साखर व चरबी वाढण्याचा धोका असतो. मध्यंतरी या तांदळात लोह व जीवनसत्त्वे मिसळण्याची योजना आली. तो पंडुरोगावरचा उपाय आहे, हृदयाचे रक्षण त्याने होत नाही. तेलाचेही तसेच. २०२२ च्या दिवाळीत राज्यात ‘आनंदाचा शिधा’ १०० रुपयांत दिला गेला, त्यात एक लिटर पामतेल होते. सणापुरते ते ठीक. परंतु पामतेलातील जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते, करडईच्या तेलात ती सुमारे दशांशच.

सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानात ज्वारी व करडई ही घरची पिके होती. त्यांचे क्षेत्र घटले याचा दोष शेतकऱ्यास देणे अन्यायाचे होईल. ज्वारीची काढणी कष्टाची, पाखरांची राखण वेगळी, करडईस काटे. शिवाय भाकरी थापण्याचे श्रम घरातील बाईचे, ते कोणी मोजत नाही. फुकट गहू दारात आल्यावर ज्वारीचे पीक मागे पडणारच.

म्हणून पहिले पाऊल सरकारने टाकले पाहिजे. भरड धान्य देण्याची सोय कायद्यात आरंभापासून आहे, आणि कालांतराने वस्तूंत विविधता आणावी असेही त्याच्या १२ व्या कलमात म्हटले आहे. ज्या जिल्ह्यात ज्वारी पिकते, तेथे ती हमीभावाने घेऊन तेथल्याच दुकानांतून द्यावी; तुरीचेही तसेच करावे. दुरून गहू आणून ज्वारीच्या प्रदेशाला खाऊ घालणे व्यवहारालाही धरून नाही.

तोवर ग्रामकार्यकर्त्यांनी बियाण्याची चर्चा करतानाच घरच्या कणगीचीही विचारपूस करावी. तूर विकण्यापूर्वी दोन क्विंटल बाजूला काढून ठेवली, तर वर्षाच्या डाळीची बहुतेक सोय होते. शिध्याचा गहू दळून आणल्यावर पिठातील कोंडा चाळून टाकू नये. रब्बीत मालदांडीचा एखादा तुकडा घरासाठी पेरावा. काट्यांचा कंटाळा असणाऱ्यांसाठी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईचा ‘नारी-६’ हा बिनकाट्याचा वाण काढला आहे. मात्र ज्वारीच्या कडेने लावावयाची करडई काटेरीच बरी. गुरे आत शिरत नाहीत.