मेटघर किल्ला, पोस्ट त्र्यंबक

माझं माहेर त्र्यंबकचं. घरातलं कुणी ब्रह्मगिरी चढायला निघालं की ‘गंगेला जाऊन येते’ म्हणायचं, फार तर ‘डोंगरावर’. ‘गडावर’ म्हणालेलं मी कुणाला ऐकलं नाही. मी स्वतः इतिहासाची मास्तरीण. तेहेतीस वर्षं मुलांना शिवनेरी-प्रतापगड शिकवले, आणि घराच्या मागच्या दारातून दिसणारा त्र्यंबकगड दाखवायचा राहून गेला. त्याची लाज आता निवृत्तीनंतर वाटतेय, गुडघे बोलायला लागल्यावर.

आपल्या लेखी ब्रह्मगिरी म्हणजे गोदावरीचा उगम, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची फेरी, निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले ती गुहा. हे सगळं आहेच. पण याच डोंगरासाठी माणसं मेलीही आहेत. 1636 मध्ये माहुलीला शहाजीराजांनी शस्त्र ठेवलं, तेव्हा मोगलांना द्याव्या लागलेल्या किल्ल्यांत त्र्यंबक होता. 1670 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत आणला. पुढे पुन्हा गेला, पुन्हा आला. खाली नानासाहेब पेशव्यांनी 1755 मध्ये काळ्या दगडाचं देऊळ बांधायला घेतलं, त्याला तीस-एक वर्षं लागली. 1818 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी गडासमोर तोफा मांडल्या आणि थोड्याच दिवसांत निशाण उतरलं. त्र्यंबक पडला म्हटल्यावर आसपासच्या सतरा किल्ल्यांनी लढाईविना किल्ल्या दिल्या. इतका याचा वचक.

आज वर काय उरलंय? पायऱ्या चढून बहुतेक लोक मूळगंगेला आणि जटामंदिरात हात जोडतात, माकडांना शिव्या घालत खाली येतात. तिथून डोंगराच्या टोकाकडे गेलं की दुर्गभांडार. मी पहिल्यांदा तिथे गेले ती वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. दगडावर मारुती कोरलाय, त्याच्याजवळून कातळात खोदलेली घळ थेट खाली उतरते. दोन्ही बाजूंना भिंत, वर आकाशाची चिंधी, आणि पायऱ्या अशा उंच की प्रत्येक पायरीला आधी बसायचं, मग पाय सोडायचा. तळाशी दरवाजा आहे. त्याला दरवाजा म्हणायचं, पण बाहेर पडायचं रांगत. बाहेर पडलात की दोन डोंगरांना जोडणारी कातळाची चिंचोळी भिंत, दोन्हीकडे दरी, आणि पलीकडे पुन्हा तसाच बुटका दरवाजा, पुन्हा तशाच पायऱ्या. शत्रूनं मान खाली घालूनच आत यायचं, ही त्या पाथरवटाची कल्पना. मीही मान खाली घालूनच गेले. सोबत आलेला वाडीतला पोरगा म्हणाला, “बाई, आधी पाय काढा, डोकं मागून येईल.” शिक्षिकेला असा सल्ला पहिल्यांदाच मिळाला.

तो पोरगा मेटघरचा. मला मुळात त्याच्याबद्दलच बोलायचंय.

मेट म्हणजे गडाच्या खालच्या अंगाला असलेली पहाऱ्याची जागा. गड गेला, पहारा उठला, तरी वस्त्या हलल्या नाहीत. सुपलीची मेट, महादरवाजा मेट, विनायक खिंड, जांबाची वाडी ही सगळी घरं ब्रह्मगिरीच्या अंगावर आहेत, आणि त्यांच्या गावाचं सरकारी नावच ‘मेटघर किल्ला’. किल्ला हा शब्द आम्ही त्र्यंबककरांनी टाकला, तो यांच्या पत्त्यावर शाबूत आहे. तटबंदीचे चार दगड शोधत फिरणाऱ्यांना हा अवशेष दिसत नाही, कारण तो जिवंत आहे आणि लिंबू सरबत विकतो.

पावसाळ्यात ब्रह्मगिरीवर पाऊस नुसता कोसळतो. उतार इतका उभा की पाणी थांबत नाही. फेब्रुवारी-मार्च उजाडला की वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन निघतात. ज्या नदीचं पाणी नाशिक पितं, मराठवाडा पितो, आंध्रही पितो, तिच्या उशाशी ही तऱ्हा.

2027 मध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत. घाट, रस्ते, वाहनतळ यांची चर्चा चालली आहे. त्यातच अंजनेरी ते ब्रह्मगिरी रोपवेचा प्रस्तावही पुढे आला. अंजनेरीवरची गिधाडं आणि कंदीलपुष्प यांच्यासाठी निसर्गप्रेमींनी त्याला विरोध केला, आणि तो मला पटतो. माझा आक्षेप आणखी एक. वर जाणारा माणूस पायी जातो म्हणून वाडीत दोन घोट ताक घेतो, गुडघे गेलेली आजी डोलीत बसते, त्यावर डोलीवाल्याच्या घरी चूल पेटते. तारेवरून गेलेला भाविक मेटघरच्या डोक्यावरून जाईल.

गडाची डागडुजी जरूर करा. घळीतली माती उपसा, दुर्गभांडारच्या भिंतींवर बदाम कोरणाऱ्यांना आवरा, पायथ्याला ‘त्र्यंबकगड’ अशी स्वच्छ पाटी लावा. पण पैशाचा पहिला हप्ता वाड्यांच्या पाण्यावर खर्च करा, आणि राखणीला माणूस नेमायचा तर बाहेरून आणू नका. ते काम तिथे पूर्वीपासून ठरलेलं आहे.

परवा परतताना एका झोपडीवजा दुकानात सरबत घेतलं. ग्लास विसळून पाणी टाकून द्यायला मी हात उचलला, तशी दुकानातली बाई पटकन म्हणाली, “टाकू नका बाई, द्या इकडं.” तिनं ते शेळीच्या पाटीत ओतलं.