पुढील तारीख

अर्धापूर परिसरातल्या एका केळीच्या बागेत, गेल्या महिन्यात, पाण्याची पाळी आटोपून बांधावर टेकलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने आपल्या तीन वर्षांच्या आणि अद्याप एकही अर्थपूर्ण शब्द न उच्चारलेल्या नातवाविषयी जे उद्गार काढले, ते मी या सदराच्या वाचकांपुढे जसेच्या तसे ठेवतो. "गुरुजी, बागेतली समदी झाडं एकाच दिवशी निसवतात का? याचा बाप बी उशिराच बोलला. हे बी बोलंल की."

या उद्गारांत वात्सल्य होते, आयुष्यभराचा अनुभव होता, आणि अर्धे सत्यही होते. कारण मुलांची वाढ खरोखरच एका मापाने होत नाही. परंतु हाच गृहस्थ, शेजारच्या ओळी निसवून गेल्यावरही एखादे झाड मागे राहिले, तर त्याच्या बुडाशी बसतो, माती उकरून मूळ कुजले आहे काय, कंदाला किडीने पोखरले आहे काय, ठिबकाचे छिद्र बुजले आहे काय, हे सारे पाहतो, आणि मगच त्या झाडाला आणखी मुदत देतो. झाडाच्या बाबतीत जी चौकशी त्याला कर्तव्य वाटते, ती नातवाच्या बाबतीत त्याला अपशकुन वाटते, एवढाच काय तो फरक. आणि हा फरक एका म्हाताऱ्याचा नसून आपल्या साऱ्या समाजाचा आहे.

वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्दांची जोडणी, नाव घेऊन हाक मारताच वळून पाहणे, हवी असलेली वस्तू बोटाने दाखवणे, आईच्या नजरेला नजर देणे: या साध्या गोष्टी ज्या घरात लक्षपूर्वक पाहिल्या जातात, त्या घरात विलंब लवकर ध्यानात येतो. अशा मुलाचे आधी कान तपासावेत, कारण ज्याला ऐकूच येत नाही तो बोलणार कोठून. आणि कान निर्दोष निघाले म्हणजे मग स्वमग्नता, बौद्धिक विकासातील विलंब किंवा केवळ वाचाविलंब यांचा विचार तज्ज्ञाने करावा. ही अडचण विरळा घरांतली आहे, असा समज असल्यास तो दूर केला पाहिजे. देशातील पाच ठिकाणी, ज्यांत उत्तर गोवाही होते, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करून 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दृष्टिदोष, श्रवणदोष, अपस्मार, स्वमग्नता अशा नऊ विकारांपैकी निदान एक विकार जवळपास आठांतील एका मुलात आढळला होता.

सरकारने याची तजवीज केली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अभिप्रेत असून, फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जावे, सुमारे तीस आजार व दोष हुडकावेत, आणि विकासातील विलंब आढळलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी योजना आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने पूर्वीच्या सात प्रकारांच्या जागी एकवीस प्रकार मान्य केले आणि स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांना प्रथमच त्या यादीत स्वतंत्र स्थान दिले. कागदाची बाजू इतकी भक्कम असताना मूल हातातून निसटते ते कोठे? माझ्या मते ते निसटते संदर्भ चिठ्ठी हाती पडल्यानंतरच्या रस्त्यावर. अंगणवाडीताईच्या नोंदवहीत वजनाला रकाना आहे, उंचीला आहे, चिठ्ठी दिल्याचीही नोंद होते. पण ते मूल पुढे पोहोचले की नाही, पोहोचल्यावर काय झाले, आणि दुसऱ्या खेपेस ते का गेले नाही, हे गावात कोणी विचारीत नाही.

अर्धापूर ते नांदेड हे अंतर फारसे नाही, हे मला मान्य आहे. परंतु वाचोपचार म्हणजे एक इंजेक्शन नव्हे की एकदा टोचले आणि काम झाले. तो महिनोगणती, कधी वर्षानुवर्षे चालणारा उपचार, ज्याची खरी शाळा घरात आणि खरी शिक्षिका आई असते, पण त्या आईला वाट दाखवणारा माणूस नियमाने भेटावा लागतो. प्रत्येक खेपेला तिची एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, धाकटे मूल शेजारणीकडे सोडावे लागते, आणि गर्दीच्या गाडीत घाबरून किंचाळणाऱ्या लेकराकडे वळणाऱ्या लोकांच्या नजरा सोसाव्या लागतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेस ती थांबते, आणि दप्तरात शेरा पडतो: पालक उदासीन. हा शेरा वाचून मला जितका संताप येतो, तितका दुसऱ्या कशानेही येत नाही.

याहूनही बिकट दशा ऊसतोड मजुरांच्या मुलांची. देगाव-येळेगावच्या भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की या तालुक्यात टोळ्या उतरतात. त्याच सुमारास मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात. पथक गावी आले तर मूल कोपीत, आणि पथक इकडे आले तर त्या मुलाचे नाव इथल्या हजेरीपटावर नाही. दोन जिल्ह्यांच्या दप्तरांत मिळूनही जे मूल कोठेच उपस्थित नसते, त्याची मुकी वर्षे कोण मोजणार?

इतरांना बोल लावण्यापूर्वी माझी स्वतःची हकीकत सांगणे उचित होईल. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता, जो घ आणि ध, भ आणि म यांत नेहमी घोटाळत असे, जोडाक्षर येताच घामाघूम होत असे, आणि तोंडी हिशेब मात्र माझ्या आधी करीत असे. त्याच्या प्रगतिपत्रकावर "लक्ष देत नाही, मुद्दाम चुका करतो" असे मी लागोपाठ दोन वर्षे लिहिले. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देण्यात महाराष्ट्र शासनाने 1996 सालीच पुढाकार घेतला होता, हे मला फार नंतर समजले. तो मुलगा सातवीनंतर शाळेत आला नाही. त्याने मुद्दाम काहीच केले नव्हते. अज्ञान माझे होते, आणि त्याचे मोल त्याने दिले.

किशोरवयीनांविषयी आज विस्ताराने लिहिण्यास जागा नाही. लातूर आणि नांदेड येथील शिकवण्यांच्या गल्ल्यांत, पत्र्याच्या खोल्यांत, घरापासून दूर राहून वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारी सोळा-सतरा वर्षांची मुले मी पाहतो, तेव्हा 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटात आढळलेले मानसिक विकारांचे 7.3 टक्के हे प्रमाण मला आठवते, आणि त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही आठवते. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक निदान प्रत्येक वसतिगृहाच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलेला असावा.

लहानग्यांसाठी माझे मागणे मोठे नाही. आठवड्यातून एक दिवस, आठवडी बाजाराचाच दिवस, वाचोपचारतज्ज्ञाने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बसावे, कारण त्या दिवशी माणसे आपसूकच येतात आणि मजुरीही निराळी बुडत नाही. अंगणवाडीच्या नोंदवहीत "पुढे काय झाले" असा एक रकाना असावा आणि तो भरला गेला की नाही, हे पर्यवेक्षिकेने दर महिन्यास पाहावे. टोळीबरोबर जाणाऱ्या मुलाच्या आईजवळ तपासणीचे कार्ड असावे आणि ते कोणत्याही जिल्ह्यात ग्राह्य धरले जावे.

त्या आजोबांशी माझे बरेच बोलणे झाले, आणि अखेर गेल्या पंधरवड्यात सून आणि नातू नांदेडला जाऊन आले. कान निर्दोष आहेत. पुढील तपासणीसाठी सहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली आहे, आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या बागेची काढणी आहे. तारीख बदलून मिळेल का, असे त्या माउलीने मला परवा विचारले. खिडकीवर विचारून सांगतो, असे मी तिला म्हणालो आहे.