संगणकाच्या कामालाही ‘ब्लॉक’ हवा



रूळ बदलायचा असेल तर काय काय करावे लागते, हे रेल्वेतल्या कालच्या भरतीलाही सांगावे लागत नाही. कंट्रोलकडे ब्लॉक मागावा लागतो. तो किती वाजता सुरू होणार, किती वाजता संपणार हे आधी ठरते. स्टेशन मास्तरला लेखी कळते, प्रायव्हेट नंबर दिला-घेतला जातो, दोन्ही बाजूंना बॅनर फ्लॅग लागतो. काम झाल्यावर मार्ग सुरक्षित असल्याचे जबाबदार माणूस सहीनिशी सांगतो. एवढे होऊनही पहिल्या काही गाड्या कॉशन ऑर्डर देऊन सावकाशच सोडल्या जातात. टपाल खात्यातही तेच. थैलीचे सील, लेबल, मेल लिस्ट ताडून पाहिल्याशिवाय कोणी सही करीत नाही. या शिस्तीला आजवर कोणी ‘प्रगतीला विरोध’ म्हटलेले नाही.

मग ज्या संगणकावर आमचा बुकिंग क्लार्क दिवसभर रोकड घेतो, ज्याच्या भरवशावर डाक सहायक लोकांच्या आयुष्याची बचत जमा करून घेतो, त्या संगणकातला प्रोग्रॅम बदलताना ही शिस्त का नसावी? आज परिस्थिती अशी आहे की सकाळी ड्यूटीवर आलेल्या माणसाला आपले यंत्र रात्रीत बदलले आहे हे पहिल्या गिऱ्हाइकासमोर कळते. कधी तर ते भर गर्दीतच बदलू लागते.

हे होते कसे, ते थोडे समजून घेऊ. पूर्वी नवा प्रोग्रॅम आला की माणूस सीडी घेऊन यायचा, एकेका संगणकावर बसायचा आणि तो घालून जायचा. टपाल खात्यात म्हैसूरच्या केंद्रात तयार झालेले ‘मेघदूत’ असेच कार्यालयोकार्यालयी पोहोचले. आपल्यातलेच डाक सहायक सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून या गावाहून त्या गावाला फिरत होते. आता मुख्यालयात एक सर्व्हर असतो आणि प्रत्येक संगणकात एक लहानसा प्रोग्रॅम बसवलेला असतो. त्याला हवे तर तलाठी म्हणा. तो ठरावीक वेळाने वर हजेरी देतो, ‘माझ्याकडे अमुक आवृत्ती आहे’ असे कळवतो, आणि वरून आलेला नवा प्रोग्रॅम कोणाला न विचारता गुपचूप बसवतो. एका बटणावर हजारो यंत्रे बदलतात.

आमचा याला विरोध आहे का? मुळीच नाही. संगणक आले तेव्हाही संघटनांनी नुसती डोळे मिटून नकारघंटा वाजवली नव्हती. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी इंडियन बँक्स असोसिएशनशी यंत्रांच्या प्रश्नावर रीतसर करार केला. यंत्र कोठे, किती, कोणत्या अटीवर, हे वाटाघाटीच्या टेबलावर ठरू शकते असे त्यांनी दाखवून दिले. आपल्या रेल्वेत १९८५-८६ मध्ये दिल्लीला आरक्षणाचे संगणकीकरण झाले, आणि १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. त्या व्यवस्थेत प्रोग्रॅम केंद्रात असे आणि खिडकीवरचा टर्मिनल नुसता पडदा आणि कळफलक. त्यामुळे बदल एकाच ठिकाणी होई. आजही आरक्षणाची यंत्रणा रोज मध्यरात्रीच्या आसपास थोडा वेळ बंद ठेवतात. प्रवाशांना ती वेळ माहीत आहे, क्लार्कला माहीत आहे, कोणाची तक्रार नाही. म्हणजे संगणकाला ब्लॉक देता येतो, हे आपल्याच रेल्वेने कित्येक वर्षे करून दाखवले आहे.

वेळेवर बदल न करणेही धोक्याचे असते, हेही मान्य केले पाहिजे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही ते सापडले. इंग्लंडची सरकारी रुग्णालये सापडली. जर्मन रेल्वेच्या स्थानकांवर गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या फलकांवर खंडणीची मागणी झळकली. तिथल्या रेल्वे कामगारांनी त्या दिवशी प्रवाशांना काय काय उत्तरे दिली असतील, याची कल्पना आपण नक्कीच करू शकतो!

पण दुसरी बाजूही ऐका. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने संगणकांच्या रक्षणासाठीच असलेल्या आपल्या प्रोग्रॅमची एक सदोष दुरुस्ती जगभर एकदम सोडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने चूक तासा-दीड तासात मागे घेतली, पण पडलेले यंत्र वरून आज्ञा ऐकेना. कित्येक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापाशी जाऊन, ते सुरक्षित पद्धतीने सुरू करून, ती एक फाइल हाताने काढावी लागली. पाठवायला बटण पुरले, निस्तरायला माणसे लागली. ‘यंत्र आपोआप चालते, माणसे कमी करा’ म्हणणाऱ्या साहेबांनी हे प्रकरण वाचून ठेवावे.

यंत्रे एकसारखी असती तर प्रश्न निम्मा सुटला असता. ती तशी नाहीत. याचा उत्तम नमुना आम्हाला काशीत पाहायला मिळाला. गेल्या हिवाळ्यात आमच्या संघटनेचे काही प्रतिनिधी तिकडे गेले असता, दशाश्वमेधालगतच्या अहिल्याबाई घाटावर संध्याकाळी तिथल्या साथींबरोबर बैठक जमली. घाट इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांचा. विश्वनाथाचे मंदिरही १७८० च्या सुमारास त्यांनीच पुन्हा उभे केले. तेव्हा मराठी माणसाला तिथे परके वाटत नाही. पायऱ्यांवर बसलेले आठ-दहा साथी एकाच शहरात नोकरी करणारे, पण प्रशासने किती? वाराणसी जंक्शन उत्तर रेल्वेच्या लखनौ विभागात. बनारस आणि वाराणसी सिटी ही स्थानके पूर्वोत्तर रेल्वेच्या वाराणसी विभागात. गंगेपलीकडचे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे आपले जुने मुगलसराय, पूर्व मध्य रेल्वेत. इंजिन कारखाना पुन्हा वेगळा. शिवाय टपाल खात्याचे दोन साथी होते. प्रत्येकाकडे संगणक वेगळ्या साली, वेगळ्या निविदेतून आलेले. कोणाकडे विंडोज, कोणाकडे लिनक्स, कोणाकडे नुसता पडदा. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. ती जुनी यंत्रे बदलून मिळणार कधी, हा त्या दिवशीचा मोठा विषय होता. बदल मात्र सगळीकडे एकाच आदेशाने उतरणार!

तिथे एका बुकिंग क्लार्क साथीने सांगितलेली गोष्ट ध्यानात राहण्यासारखी आहे. मुगलसरायचे नाव २०१८ मध्ये बदलले, मंडुवाडीहचे २०२१ मध्ये बनारस झाले. संकेताक्षरेही बदलली. केंद्रातल्या यादीत नाव बदलणे हे एका रात्रीचे काम, पण उद्घोषणेचे यंत्र, स्थानिक संगणकातल्या याद्या, छापील तक्ते यांच्यापर्यंत ते पोहोचायचे तेव्हा पोहोचते. तोवर खिडकीवर वाद. आम्ही त्यांना सांगितले की आमच्याकडे ज्यांच्या घाटावर आपण बसलो आहोत त्या अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच्या स्थानकाचे नावही २०२५ मध्ये अहिल्यानगर झाले. एवढीशी अक्षरे सगळ्या यंत्रांवर एकाच वेळी नेणे सोपे नसते, तर अख्खा हिशेबाचा प्रोग्रॅम नेणे किती जोखमीचे असेल?

ही जोखीम आज कोणाच्या डोक्यावर आहे, ते एका प्रकरणातून सांगतो. आमच्या क्षेत्रातल्या एका मध्यम स्थानकावर सकाळच्या गर्दीत आमच्या एका भगिनीच्या खिडकीवरचे यंत्र स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. पस्तीस मिनिटे खिडकी बंद. त्या क्षणी दिलेली दोन तिकिटे हिशेबात चढली होती, पण छापून बाहेर आली नव्हती. ती नॉन-इश्यूड म्हणून वेळेत दाखवायला यंत्र चालू असायला हवे ना! रोकड कमी भरली. रक्कम चारशे रुपयांच्या आतली, पण डेबिट निघाले. वर खिडकी बंद का ठेवली म्हणून स्पष्टीकरण मागितले गेले. रांगेतल्या प्रवाशांनी तक्रार पुस्तकात लिहिले ते वेगळेच.

आम्ही लेखी विचारले की त्या सकाळी त्या यंत्रावर वरून काही पाठवले होते का? उत्तर आले, ‘रजिस्टरमध्ये तशी नोंद नाही.’ कोणते रजिस्टर? लिंक गेली की हाताने लिहितात ते. अहो, पण पाठवणारा सर्व्हर तर प्रत्येक यंत्राची नोंद सेकंदासकट ठेवतो. ती त्याची जन्मखूण आहे. तिच्याशिवाय त्याला कोणते यंत्र बदलले आणि कोणते राहिले हेच कळणार नाही. ती नोंद मागितली तर ‘ती तांत्रिक बाब आहे, कर्मचाऱ्यांशी संबंधित नाही’. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पुढे पी.एन.एम.च्या बैठकीत विषय लावून धरला, नोंद बाहेर आली, वेळ मिनिटाला मिनिट जुळली. स्पष्टीकरण दप्तरी दाखल झाले आणि डेबिट मागे घेतले गेले. पण त्याला कित्येक महिने लागले. तेवढे दिवस ती भगिनी एस.एफ. ११ हाती पडेल या धास्तीत ड्यूटी करत होती. ज्या क्लार्कामागे असा पाठपुरावा करणारे कोणी नाही, त्याने खिशातून पैसे भरले आणि गप्प बसला. असे किती असतील!

म्हणून आमची पहिली मागणी पैशाची नाही, कागदाची आहे. यंत्रावर काय, किती वाजता, कोणाच्या आदेशाने बसवले, ही नोंद ड्यूटीवर बसणाऱ्याला पडद्यावर, त्याच्या भाषेत, साइन-ऑन करतानाच दिसली पाहिजे. शिफ्टच्या मध्ये बदल होता कामा नये, आणि तातडीची दुरुस्ती असलीच तर खिडकी बंद करण्याचा लेखी आदेश वरून यावा, म्हणजे त्या वेळेचा जाब क्लार्कला द्यावा लागणार नाही. नोंद जुळत असेल तर डेबिट काढण्याआधी ती पाहणे लेखा शाखेवर बंधनकारक असावे. बाकी गोष्टी तंत्रज्ञांच्या आहेत आणि त्यांना त्या माहीत आहेत. प्रत्येक जातीच्या दोन-चार यंत्रांवर आधी बसवून एक पूर्ण दिवस, गर्दीसकट, चालवून पाहा, हीच तुमची कॉशन ऑर्डर. मग एक विभाग, मग सगळे. जुनी आवृत्ती जवळ ठेवा, म्हणजे बिघडले तर दहा मिनिटांत मागे जाता येईल. लहान स्थानकाच्या बारीक लाइनवरून वीस यंत्रांनी तोच प्रोग्रॅम वीस वेळा ओढण्याऐवजी एकदाच उतरवून तिथल्या तिथे वाटा.

टपाल बांधवांचा अनुभव याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. टपाल खात्याची नवी एपीटी प्रणाली म्हैसूरच्या तंत्रज्ञान केंद्राने खात्यातच तयार केली, हे कौतुकास्पद आहे. कर्नाटकात आधी चालवून पाहून, मग टप्प्याटप्प्याने ऑगस्ट २०२५ पर्यंत ती १.६५ लाख कार्यालयांत नेली. बदलाच्या दिवशी व्यवहार बंद ठेवण्याची जाहीर सूचना दिली. हा ब्लॉकच झाला, आणि तो योग्य होता. पण देशभराचा शेवटचा टप्पा ४ ऑगस्टला आणि राखीपौर्णिमा ९ ऑगस्टला! राख्यांच्या गर्दीत यंत्रणा संथ झाल्याच्या, रांगा लागल्याच्या बातम्या आल्या. शिव्या कोणी खाल्ल्या? काउंटरवरच्या माणसाने. तारीख ठरवताना एखाद्या डाक सहायकाला विचारले असते तरी त्याने पंचांग दाखवले असते. आणि प्रोग्रॅम केंद्रात गेला म्हणून काउंटरचे यंत्र निश्चिंत झाले असेही नाही. प्रिंटर, बारकोडचे यंत्र, बोटाच्या ठशाचे यंत्र यांचे प्रोग्रॅम अजून त्याच यंत्रात असतात. बँकिंगचे फिनॅकल चालवण्यासाठी जावाची अमुकच आवृत्ती लागे आणि ती आपोआप पुढे गेली की काउंटर ठप्प होई, हे जुने सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अजून विसरलेले नाहीत.

त्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर साथींना आता ‘तुमची गरज संपली’ म्हणून काउंटरवर परत पाठवण्याची भाषा ऐकू येते. ती आम्हाला मान्य नाही. क्राउडस्ट्राइकच्या दिवशी नेमकी हीच माणसे शोधत फिरावे लागले. आणखी एक इशारा इथेच देऊन ठेवतो. संगणकात बसवलेला तो तलाठी प्रोग्रॅम बसवतो तसाच कोण किती वेळ कळफलकावर हात न लावता बसला, हेही मोजू शकतो. त्या मोजणीवरून कोणावर कारवाई करायची असेल तर तो सेवाशर्तीतला बदल आहे, आणि त्याची जागा वाटाघाटीचे टेबल आहे. १९६६ पासून जे.सी.एम. यंत्रणा त्याचसाठी आहे.

पुढच्या पी.एन.एम.साठी हा विषय आम्ही कार्यक्रमपत्रिकेवर घालत आहोत. शाखा सचिवांनी आपापल्या स्थानकावर, कार्यालयात यंत्र आपोआप बंद-चालू झाल्याची तारीख, वेळ, खिडकी क्रमांक आणि त्या शिफ्टमधली रोकड तफावत एका साध्या वहीत लिहून ठेवावी, त्यावर ड्यूटीवरच्या दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि महिनाअखेर तिची प्रत विभागीय कार्यालयाकडे पाठवावी. डेबिट आले असेल तर भरण्याआधी कळवावे. टपाल शाखांनीही हीच वही सुरू करावी, म्हणजे दोन्ही खात्यांची माहिती एकत्र मांडता येईल.